गोष्ट कळली म्हणजे नेमकं काय कळलं?

लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट पाचेक वर्षांच्या मुलाला सांगा. लांडगा आजीचे कपडे चढवून तिच्या पलंगावर पडलाय आणि मुलगी दार वाजवतेय, इथवर आलात की थांबा आणि दोन प्रश्न विचारा. आत कोण आहे असं तिला वाटतंय? बरीच मुलं बरोबर सांगतात, 'आजी.' मग आत्ता, दारात उभी असताना, तिला कसं वाटत असेल? आता त्यांतलीच कित्येक मुलं म्हणतात, 'भीती वाटत असेल.'

आजीला भेटायला आलेल्या मुलीला भीती कशाला वाटेल? तिला तर आनंद झाला असणार. घाबरलाय तो गोष्ट ऐकणारा, कारण लांडग्याचं त्याला ठाऊक आहे. मुलीला ते ठाऊक नाही हेही त्याला कळतं. तरीही 'तिला ठाऊक नाही, म्हणून ती घाबरलेली नाही' एवढी एक पायरी त्याच्याकडून चढली जात नाही. ब्राडमेट्झ आणि श्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली हाच पेच मुलांपुढे ठेवला होता. दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे हे कळणं आणि त्यावरून दुसऱ्याच्या मनात काय दाटलंय हे कळणं, या दोन गोष्टी एकाच दिवशी येत नाहीत, असं त्यात दिसलं. दुसरी बरीच मागून येते, कधी वर्षभराने, कधी त्याहूनही उशिरा.

मुलांच्या वाचनाविषयी बोलताना आपण अक्षरओळख, जोडाक्षरं, वेग आणि शुद्ध उच्चार यांबद्दल पुष्कळ बोलतो. दारापाशी अडखळणाऱ्या या पायरीबद्दल जवळपास कोणीच बोलत नाही. माझ्या मते वाचनाचा अर्धा गाभा तिथे आहे.

पहिली पायरी, म्हणजे 'आत कोण आहे असं तिला वाटतंय' हे ओळखण्याची, मानसशास्त्रात बरीच आधी अभ्यासली गेली. हाइन्झ विमर आणि योझेफ पर्नर यांनी १९८३ साली मुलांना माक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. माक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. माक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल ठामपणे दुसरं कपाट दाखवतं, कारण चॉकलेट खरोखर तिथेच आहे. साधारण चार वर्षांनंतर मुलं पहिल्या कपाटाकडे बोट दाखवू लागतात. आपल्याला जे माहीत आहे ते दुसऱ्यालाही माहीत असतंच असं नाही, दुसऱ्याच्या डोक्यात चुकीचं चित्र असू शकतं आणि तो त्या चित्राप्रमाणेच वागेल, हे त्यांना उमगलेलं असतं. या समजेला 'थिअरी ऑफ माइंड' म्हणतात. पुढच्या दोन दशकांत या प्रयोगाच्या इतक्या आवृत्त्या झाल्या, की २००१ साली हेन्री वेलमन आणि सहकाऱ्यांनी त्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा त्यात १७८ अभ्यास होते.

भावनांच्या समजेचीही अशीच वाट आहे, फक्त जास्त लांब. अगदी लहान मुलांसाठी भावनांचे दोनच ढोबळ कप्पे असतात, बरं वाटणं आणि वाईट वाटणं. चेहऱ्यांचे फोटो दाखवून नाव विचारलं तर आनंद आधी ओळखू येतो. मग दुःख आणि राग वेगळे होतात, त्यानंतर भीती आणि आश्चर्य. किळस सगळ्यांत शेवटी. किळसेने मुरडलेल्या नाकाचा चेहरा पाहून मोठी मुलंसुद्धा कितीतरी काळ 'चिडलाय' म्हणतात. शेरी वायडन आणि जेम्स रसेल यांच्या अभ्यासांतली एक गोष्ट तर मला फारच मोलाची वाटते. भीतीसारखी भावना मुलांना नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायला जड जाते, पण काय घडलं ते थोडक्यात सांगितलं की सोपी जाते. म्हणजे भावना मुलांना पुष्कळदा घटनेतून कळते, आणि घटना सांगणं हेच तर गोष्टीचं काम.

फ्रान्सिस्को पोन्स आणि पॉल हॅरिस यांनी ही सगळी वाट नऊ टप्प्यांत मांडली आणि साधारण तीन ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी त्यावर एक चाचणी तयार केली. सुरुवातीचे टप्पे बाहेरून दिसणारे आहेत. चेहरा ओळखणं, खेळणं मोडलं की वाईट वाटतं हे कळणं, जुनी आठवण निघाली की पुन्हा वाईट वाटू शकतं हे कळणं. मधले टप्पे मनाच्या आतले. एकाच वस्तूने एक जण खूश होतो आणि दुसरा हिरमुसतो, कारण त्यांना हव्या असलेल्या गोष्टी निराळ्या असतात. लाल टोपीवाल्या मुलीचा पेचही इथलाच. आणि आत एक, चेहऱ्यावर दुसरंच दाखवता येतं, हेही इथलंच. शेवटचे टप्पे सगळ्यांत अवघड. एकाच वेळी दोन उलट भावना दाटून येणं, विचार बदलून भावना आवरणं, आपण चुकीचं वागलो म्हणून मनाला लागणं. सहलीला जायचा आनंद आणि घर सोडायचं वाईट एकाच क्षणी वाटू शकतं हे सहा वर्षांच्या बऱ्याच मुलांना पटत नाही. 'आधी आनंद, मग वाईट' एवढंच ती मान्य करतात. आठ-नऊच्या पुढे ते हळूहळू पटू लागतं.

आता वाचनाकडे येऊ. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाचं एक अगदी साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. त्यांनी इथे बेरीज घेतली नाही, कारण दोनांतलं एक शून्य असेल तर दुसरं कितीही मोठं असलं तरी उत्तर शून्यच यावं लागतं. अक्षरं लागत नाहीत त्याला पान मुकं. अक्षरं फाडफाड वाचता येतात पण भाषा समजत नाही त्यालाही ते मुकंच. शाळेत पहिला प्रकार लगेच लक्षात येतो. दुसरा वर्षानुवर्षं लपून राहतो, कारण मूल सुरेख वाचत असतं आणि ऐकणारा समाधानाने मान डोलवत असतो.

आणि 'भाषा समजणं' म्हणजे तरी काय? हा परिच्छेद पाहा :

'मीनाने दादाचं पत्र उघडलं. दोन ओळी वाचल्या, पत्राची घडी केली आणि उशीखाली सरकवली. "काय लिहिलंय गं?" आईने विचारलं. "काही नाही," मीना म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसली.'

यात एकही शब्द अवघड नाही. एकही भावना नावाने आलेली नाही. तरी मोठ्या माणसाला वाचता वाचता कळतं, की पत्रात मनासारखं काही नव्हतं. दादा येणार होता आणि आता येत नाही, असलं काहीतरी. मीनाला रडू येतंय आणि ते आईला दिसू नये असं तिला वाटतंय. तिचं 'काही नाही' खरं नाही. आणि आईला हे कळलंय की नाही, ते अजून आपल्याला कळलेलं नाही. हे सगळं कागदावर कुठेच नाही. वाचणाऱ्याने ते दोन ओळींच्या मधून उभं केलं. त्यासाठी त्याला मीनाला काय ठाऊक आहे, आईला काय ठाऊक आहे, मीनाला काय हवं होतं आणि ती काय लपवतेय, हे चारही धागे एकाच वेळी हातात धरावे लागले.

म्हणजे पोन्स आणि हॅरिस यांच्या पायऱ्यांपैकी तीन-चार पायऱ्या या इवल्याशा परिच्छेदात आल्या. ज्या मुलाला 'आत एक, बाहेर एक' हे अजून उमगलेलं नाही, त्याच्या लेखी मीनाने पत्र वाचलं, काही नव्हतं, आणि ती खिडकीबाहेर बघत बसली. गोष्ट संपली. त्याने एकही अक्षर चुकवलेलं नसतं. म्हणूनच भावना कळणं हा वाचनात वरून घातलेला गोडवा नव्हे. ती विचार करण्याचीच क्रिया आहे, बऱ्यापैकी कठीण, आणि गोष्ट समजण्याच्या ऐन मध्यात बसलेली.

मग मुलांसाठी लिहिताना सरळ सांगूनच टाकलं तर? 'मीनाला फार वाईट वाटलं. आईला कळू नये असं तिला वाटत होतं.' काम सोपं होईल आणि मुलं मनाविषयीचे शब्दही शिकतील. हा विचार इतका पटण्यासारखा आहे, की जोन पेस्किन आणि जॅनेट अ‍ॅस्टिंग्टन यांनी तो तपासायला घेतला. २००४ साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवर्गातल्या मुलांना काही आठवडे भरपूर चित्रगोष्टी वाचून दाखवल्या गेल्या. एका गटाच्या गोष्टींत 'तिला वाटलं', 'त्याला ठाऊक होतं', 'तिने ओळखलं' असे शब्द मुद्दाम पेरले होते. दुसऱ्या गटाच्या गोष्टी त्याच, पण हे शब्द काढून टाकलेले. कोणाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे चित्रं आणि प्रसंग यांतूनच दिसत होतं.

पहिल्या गटातली मुलं बोलताना असे शब्द जास्त वापरू लागली, हे खरं. पण दुसऱ्याच्या डोक्यातलं चुकीचं चित्र समजावून सांगायची वेळ आली तेव्हा दुसरा गट सरस ठरला. ज्यांना आयतं सांगितलं गेलं नव्हतं, ती मुलं स्वतः जुळवाजुळव करत होती, आणि शिकली ती त्या जुळवाजुळवीतून. पहिल्या गटाकडे शब्द आले, त्या शब्दांमागची उकल मात्र त्यांना करावीच लागली नव्हती.

मुलांना वाचून दाखवणाऱ्या प्रत्येकाला हा निष्कर्ष माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. कारण आपली सवय नेमकी उलटी असते. पान उलटण्याआधीच आपण सांगून मोकळे होतो : 'बघ, बिचारीला किती वाईट वाटलं.' आपण ते प्रेमाने करतो, आणि मुलाच्या वाट्याचं काम करून टाकतो.

याचा अर्थ भावनांबद्दल बोलूच नये असा मुळीच नाही. ज्युडी डन या संशोधिकेने घरोघरी जाऊन, मुलं आणि घरची माणसं यांची रोजची बोलणी टिपली. ज्या घरांत तीन वर्षांच्या मुलाशी भावनांबद्दल जास्त बोलणं होत होतं, तिथली मुलं सहा वर्षांची झाल्यावर इतरांच्या भावना जास्त नीट ओळखत होती. तेव्हा बोलायचं तर खरं, पण कसं? सेलिया ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दीड ते अडीच वर्षांच्या मुलांसोबत पालक चित्रांचं पुस्तक कसं पाहतात हे तपासलं. मूल दुसऱ्याला चटकन मदत करतं का, आपली वस्तू वाटून घेतं का, यात पालक भावनांबद्दल स्वतः किती बोलतात याने फारसा फरक पडत नव्हता. मुलाला ते किती बोलतं करतात, 'याला काय झालंय?', 'का बरं रडतोय?' असं किती विचारतात, त्याने पडत होता. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या १९८८ सालच्या छोट्या अभ्यासातही दिशा हीच होती. दोनेक वर्षांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर एवढंच करायला सांगितलं, की मोकळे प्रश्न विचारा, मुलाच्या उत्तरात भर घाला, गोष्ट त्यालाच सांगू द्या. दुसऱ्या गटातले पालक तेवढंच वाचून दाखवत होते, पण आपल्या नेहमीच्या पद्धतीने. महिन्यानंतर पहिल्या गटातल्या मुलांची बोली स्पष्टपणे पुढे गेली होती.

मीनाच्या परिच्छेदावर सहा-सात वर्षांच्या मुलाशी असं काहीसं बोलणं होऊ शकतं :

'मीनाला काय झालं असेल रे?'

'राग आला.'

'कशावरून म्हणतोस?'

'तिने पत्र लपवलं ना.'

'राग आला की पत्र लपवतात?'

'नाही... फाडतात.' मग जरा थांबून, 'तिला रडू येत असेल. आईला दिसू नये म्हणून तिकडे तोंड केलं.'

या बोलण्यात मोठ्या माणसाने एकही उत्तर दिलेलं नाही, आणि 'चूक' हा शब्दही वापरलेला नाही. 'कशावरून?' या एका प्रश्नाने मुलाला पुन्हा मजकुराकडे पाठवलं. आणि ते जे थांबणं आहे, त्याला जागा दिली. त्या चार-पाच सेकंदांत आपण तोंड उघडलं, तर जे घडायचं असतं ते घडत नाही. मात्र हे दर पानावर करू नये. गोष्ट प्रवाहात असताना प्रश्नांचा भडिमार झाला की गोष्ट मरते आणि तोंडी परीक्षा उरते. एका बैठकीत एक-दोन ठिकाणी थांबलं तरी पुष्कळ.

परीक्षेचा विषय निघालाच आहे, तर भावना आणि वाचन यांचा उलटा प्रवाहही पाहायला हवा. आतापर्यंत गोष्टीतल्या भावनांबद्दल बोललो. वाचणाऱ्या मुलाच्या भावनेचं काय? वाचताना मूल नुकतंच वाचलेलं वाक्य, चालू वाक्य आणि आधीचा संदर्भ हे सगळं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवतं. या जागेला वर्किंग मेमरी म्हणतात आणि ती मोठ्यांचीही फार थोडी असते. 'मी चुकलो तर?', 'सगळे हसतील का?' हे विचार तीच जागा व्यापतात. वर्गात उभं राहून मोठ्याने वाचणारं घाबरलेलं मूल डोळ्यांपुढे आणा. त्याचं सगळं बळ पुढचा शब्द न अडखळता पार करण्यात लागलेलं असतं. वाचून झाल्यावर 'काय वाचलंस?' विचारलं तर ते कोरं असतं. त्याला आळशी किंवा मठ्ठ ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण समजून घ्यायला लागणारी जागा भीतीने आधीच बळकावलेली असते.

याच्या उलट बाजूचाही पुरावा आहे. आड्रियाना बुस आणि मारिनुस फान आयझेनडोर्न यांनी १९८८ साली आई आणि मूल एकत्र पुस्तक कसं पाहतात याचा अभ्यास केला. आईबद्दल मनात खात्री असलेली मुलं पुस्तकात जास्त रमत होती, त्यांचं लक्ष कमी भरकटत होतं आणि त्यांना सारखं 'नीट बस, इकडे बघ' म्हणावं लागत नव्हतं. कुशीत बसून ऐकलेल्या गोष्टीला आपण लाड म्हणतो. लक्ष टिकण्याची तयारीही तिथेच होत असते.

आणि या सुरुवातीच्या भावनेचे परिणाम साठत जातात. कीथ स्टानोविच यांनी १९८६ साली वाचनाच्या बाबतीत याला 'मॅथ्यू परिणाम' म्हटलं. ज्याला वाचन सोपं जातं तो जास्त वाचतो, जास्त वाचल्याने शब्द वाढतात, शब्द वाढल्याने वाचन आणखी सोपं होतं. ज्याला ते नकोसं झालं तो टाळतो आणि अंतर वाढत जातं. सुझान मोल आणि आड्रियाना बुस यांनी २०११ साली ९९ अभ्यास एकत्र केले. मुलामुलांच्या तोंडी भाषेत जो फरक दिसतो, त्यातला १२ टक्के भाग बालवर्गाच्या वयात पुस्तकांच्या सहवासाशी जोडता येत होता. प्राथमिक शाळेत १३, पुढे १९, माध्यमिकच्या वरच्या वर्गांत ३० आणि महाविद्यालयात ३४ टक्के. वय वाढतं तसं पुस्तकांशी असलेलं नातं भाषेशी अधिकाधिक घट्ट बांधलं गेलेलं दिसतं.

आता एक सावधगिरी. 'कथा वाचल्याने माणूस संवेदनशील होतो' हे वाक्य आपल्याला इतकं आवडतं, की त्याचा पुरावा आपण फारसा तपासत नाही. २०१३ साली डेव्हिड किड आणि एमान्युएले कास्टानो यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केलं, की साहित्यिक कथेचा थोडासा भाग वाचल्यावर लगेच प्रौढ माणसं इतरांच्या डोळ्यांवरून भावना जास्त नीट ओळखू लागतात. जगभर बातम्या झाल्या. नंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तो परिणाम मिळेना. 'नेचर' आणि 'सायन्स' यांतले सामाजिक शास्त्रांचे २१ प्रयोग पुन्हा करून पाहणारा एक मोठा प्रकल्प २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३ प्रयोग टिकले आणि हा न टिकलेल्यांत होता. त्याच वर्षी डेव्हिड डोडेल-फेडर आणि डायना तमीर यांनी १४ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात कथावाचनाचा परिणाम दिसला, पण लहानसा.

मुलांच्या बाबतीत रेमंड मार आणि सहकाऱ्यांचा २०१० सालचा अभ्यास आहे. चार ते सहा वर्षांची जी मुलं गोष्टींच्या पुस्तकांच्या जास्त सहवासात होती, त्यांची दुसऱ्याचं मन ओळखण्याची समज जास्त होती. वय, शब्दसंपदा आणि पालकांचं उत्पन्न हिशेबात धरूनही हे नातं उरलं. तरी हे नातंच आहे, त्यातलं कारण कोणतं हे यातून ठरत नाही. मनाविषयी कुतूहल असलेलं मूलच पुस्तकं मागत असेल, हेही शक्य आहे. पुस्तक हातात दिलं की मूल आपोआप समजूतदार होईल, असं सांगणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. मुलाने त्या पुस्तकाशी काय केलं आणि शेजारी बसलेल्याने त्याला काय करू दिलं, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

बोधकथांबद्दलही दोन शब्द, कारण मुलांच्या हातात त्याच जास्त पडतात. कांग ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली तीन ते सात वर्षांच्या मुलांना, 'बघू नकोस' असं बजावून, एका खेळण्यासोबत एकटं ठेवलं. पुष्कळांनी डोकावून पाहिलं. मग गोष्ट सांगितली आणि विचारलं, पाहिलंस का? खोटं बोलणाऱ्याला शिक्षा होते अशा गोष्टींनी, लांडगा आला रे आला धरून, फरक पडला नाही. झाड तोडल्याचं कबूल करून शाबासकी मिळवणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या आख्यायिकेने मात्र खरं बोलणाऱ्यांची संख्या वाढली. आणि त्याच गोष्टीचा शेवट उलटा करून शिक्षेवर आणला तेव्हा तो परिणामही गेला. धाकाच्या गोष्टीतून मूल बहुधा धाकच उचलतं.

शेवटची गोष्ट वयाची. मूल स्वतः वाचू लागलं की घरात वाचून दाखवणं बंद पडतं. 'आता तुला येतं की, तूच वाच.' गफ आणि टनमर यांचं सूत्र आठवलं तर यातली गडबड दिसते. सहा-सात वर्षांच्या मुलाची लिपी नुकती चालू लागलेली असते, पण ऐकून समजण्याची ताकद तिच्या कितीतरी पुढे असते. ते स्वतः वाचू शकेल अशा पुस्तकात छोटी वाक्यं आणि सरळ भावना असतात. त्याला समजू शकेल अशा गोष्टीत मात्र लपवलेलं रडू, दोन उलट भावना आणि मनाला लागलेली चूक, सगळं असू शकतं. नेमक्या याच वर्षांत भावनांच्या समजेतले सगळ्यांत अवघड टप्पे उलगडत असतात. म्हणून सोपं पुस्तक त्याचं त्याला वाचू द्यावं, आणि त्याच्या वाचनाच्या आवाक्याबाहेरचं पुस्तक आणखी तीन-चार वर्षं तरी शेजारी बसून वाचून दाखवत राहावं.